घसा व स्वरयंत्र यांतील अम्ल पश्चवाह : निदान

जठरातील अम्ल, पेप्सीन हे एंझाइम व क्वचित पित्तरस हे पदार्थ ग्रसिकेतून (घशापासून जठरापर्यंत अन्न नेणाऱ्या नळीतून) उलट दिशेने वर येऊन ग्रसनी (घसा) व स्वरयंत्र यांच्या श्लेष्मकलेशी (बुळबुळीत अस्तराशी) त्यांचा संपर्क आल्यास त्या स्थितीस ‘स्वरयंत्र-ग्रसनी पश्चवाह’ म्हणतात. छातीतील जळजळ हे नेहमीच्या ‘अ‍ॅसिडिटी’चे प्रमुख लक्षण होय; परंतु या विकाराच्या अनेक रुग्णांत ते नसते. उलट, ज्यांना हा विकार असल्याचे सांगितले जाते अशा अनेकांच्या तक्रारींचे कारण अम्ल नसून वेगळेच असते. यामुळे या विकाराचे निदान करणे कठीण असते.

विकृतिक्रिया : ग्रसिकेच्या खालच्या व वरच्या टोकांशी परिसंकोची स्नायू (आकुंचनाने मार्ग बंद ठेवणारी स्नायूंची वलये) असतात. निरोगी व्यक्तीतही दिवसातून काही वेळा थोडे अम्ल ग्रसिकेत येते. मात्र ग्रसिकेच्या लहरीसारख्या आकुंचनामुळे ते खाली ढकलले जाते आणि गिळलेल्या लाळेतील बायकार्बोनेटामुळे त्याचे उदासिनीकरण होते. स्वरयंत्राच्या नाजूक अस्तरास असे संरक्षण नसते. म्हणून जो संपर्क ग्रसिका सहज सोसते, तो स्वरयंत्रास अपायकारक ठरू शकतो. पेप्सिनाची क्रियाशीलता पीएच मूल्य २ च्या आसपास सर्वाधिक असते. अम्लता कमी झाल्यावर ते निष्क्रिय होते. पण लगेच नष्ट होत नाही व पुन्हा अम्ल मिळाल्यास क्रियाशील होऊ शकते.

इतिहास : लंडनमधील गायनशिक्षक मान्वेल गार्सीआ यांनी १८५४ मध्ये आरशांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र पाहिले व तेव्हापासून स्वरयंत्रदर्शनास चालना मिळाली. चेव्हल्येअर जॅक्सन यांनी १९२८ मध्ये स्वरयंत्राच्या मागील भागातील ‘संपर्क व्रणां’चे वर्णन केले. अशा व्रणांचा पश्चवाहाशी असलेला संबंध चेरी व मार्ग्युलिस यांनी १९६८ मध्ये दाखविला. अमेरिकन स्वरयंत्रतज्ञ जेमी कूफमन यांनी १९९१ मध्ये २२५ रुग्णांचा २४ तासांच्या पीएच मापनावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानंतर या विकाराकडे जगभर लक्ष वेधले गेले.

लक्षणे : आवाज बसणे वा घोगरा होणे, वारंवार घसा खाकरावा लागणे, घशात गोळा अडकल्यासारखे वाटणे, कफ साचणे, कोरडा खोकला व गिळताना अडखळणे ही लक्षणे आढळतात. बेलाफ्स्की व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये नऊ प्रश्नांची एक सूची तयार केली. प्रत्येक लक्षणास ० ते ५ गुण देतात व ४५ पैकी १३ हून अधिक गुण संशयास्पद मानतात. मात्र यांतील एकही लक्षण केवळ पश्चवाहाचेच नाही. अधिहर्षता (अ‍ॅलर्जी), नाकामागून घशात उतरणारा स्राव, तंबाखू, धूळ व आवाजाचा अतिवापर यांमुळेही तीच लक्षणे उद्‌भवतात. शिक्षक, गायक, कीर्तनकार व फेरीवाले यांच्या बाबतीत आवाजावरील ताण विशेष लक्षात घ्यावा लागतो.

स्वरयंत्रदर्शन : नाकावाटे लवचिक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहतात. त्याच्या मागील भागाची लाली व सूज, स्वरतंतूंची सूज, दाट श्लेष्मा आणि कणार्बुद या चिन्हांवरून पश्चवाहाचा संशय घेतात. तथापि अशी एखादी खूण कोणतीही तक्रार नसलेल्या बहुसंख्य निरोगी व्यक्तींतही सापडते, असे २००२ मधील १०५ स्वयंसेवकांच्या पाहणीत दिसून आले. त्यामुळे केवळ लालीवरून निदान पक्के होत नाही. या तपासणीचे खरे महत्त्व इतर गंभीर विकार वगळण्यात आहे.

पश्चवाहाचे मापन : नाकावाटे एक बारीक नळी ग्रसिकेत ठेवून २४ तास पीएच मूल्याची नोंद घेतात. पीएच मूल्य ४ पेक्षा कमी असण्याचा काळ एकूण काळाच्या ६ टक्क्यांहून अधिक, म्हणजे दिवसाकाठी सुमारे ८६ मिनिटांपेक्षा जास्त असल्यास पश्चवाह निश्चित मानतात. तो ४ टक्क्यांहून कमी असल्यास सामान्य समजतात. विद्युत् संरोध मोजणारी अग्रे त्याच नळीवर असल्यास अम्लरहित द्रव व वायू यांचा पश्चवाहही कळतो. तपासणी सिद्ध झाली तरी तक्रारीचे कारण तेच आहे, असे आपोआप ठरत नाही. लक्षणांशी तिचा मेळ घालावा लागतो. ग्रसिकेच्या एंडोस्कोपीत व्रण दिसल्यास निदानास बळकटी येते. पण अनेकांत ती निर्दोष असते.

औषधाची चाचणी : प्रोटॉन पंप निरोधक औषधे दोन ते तीन महिने देऊन गुण येतो का, ते पाहण्याची पद्धत रूढ आहे. या औषधांनी अम्ल कमी होते, पश्चवाह थांबत नाही. ब्रिटनमध्ये ३४६ रुग्णांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६ आठवडे लॅन्सोप्राझोल घेणारे आणि औषधविरहित गोळ्या घेणारे अशा दोन्ही गटांत सारखीच सुधारणा झाली. म्हणजे गुण आला एवढ्यावरून अम्ल हेच कारण होते असे सिद्ध होत नाही. याच कारणास्तव छातीत जळजळ नसलेल्या रुग्णांत औषधापूर्वी मापन करावे, अशी शिफारस अमेरिकेतील जठरांत्रतज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये केली.

व्यवच्छेदक निदान : चार आठवड्यांत बरा न होणारा घोगरेपणा ‘अ‍ॅसिडिटी’ समजून औषधावर ढकलत नेणे धोक्याचे असते. तंबाखू वा मद्य यांचे व्यसन, गिळताना वेदना, कानात कळ, मानेत गाठ, थुंकीतून रक्त, वजन घटणे किंवा श्वास घेताना घरघर यांपैकी काहीही असल्यास स्वरयंत्र त्वरित तपासावे लागते. स्वरतंतूंच्या कर्करोगात आवाज लवकर बदलतो व प्रारंभीच्या अवस्थेत तो बहुधा पूर्ण बरा करता येतो. विलंब झाल्यास मात्र स्वरयंत्रच काढून टाकण्याची वेळ येऊ शकते. भारतात स्वरयंत्राचा क्षयरोगही ध्यानात ठेवावा लागतो. याखेरीज स्वरतंतूंच्या गाठी, त्यांचा पक्षाघात व अवटू ग्रंथीचे विकार यांचा विचार करतात.

सारांश, प्रथम गंभीर विकार वगळणे, नंतर आवाजाचा वापर, व्यसने व जेवणाच्या वेळा यांची चौकशी करणे आणि शंका उरल्यास मापन करणे, हा क्रम योग्य होय. झोपण्यापूर्वी सुमारे तीन तास जेवण उरकणे, स्थूलता कमी करणे, पलंगाची उशाकडील बाजू उंच ठेवणे व तंबाखू वर्ज्य करणे हे उपाय निदान चालू असतानाही करता येतात.