नवा डेटाबेस जुन्या ॲक्सेसमध्ये नेताना

गृहनिर्माण संस्थेतील सभासदांची नोंद असो, ग्रंथालयातील पुस्तकांची यादी असो वा दवाखान्यातील रुग्णांचा तपशील. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये तयार केलेले असे डेटाबेस अनेक लहान कार्यालयांचा आधार असतात. अडचण उभी राहते ती एक संगणक नवा आणि बाकीचे जुने असले म्हणजे. नव्या संगणकावर केलेली फाईल जुन्या ॲक्सेसमध्ये उघडतच नाही आणि काम अडून राहते.

याचे कारण फाईलच्या रचनेत आहे. ॲक्सेस २००३ पर्यंत माहिती 'एमडीबी' प्रकारच्या फाईलमध्ये साठवली जाई. २००७ च्या आवृत्तीबरोबर 'एसीसीडीबी' हा नवा प्रकार आणि त्यामागचे नवे इंजिन आले. नव्या आवृत्तीला ॲक्सेस २००० व त्यानंतरच्या फाईली वाचता येतात. जुन्या आवृत्तीला मात्र नवी रचना उमगत नाही. फाईलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलल्याने त्यामुळेच काहीही साधत नाही.

रूपांतराची सोय नव्या ॲक्सेसमध्येच आहे. प्रथम फाईलची एक प्रत वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी. उघडी टेबल्स आणि फॉर्म्स बंद करून 'फाईल' मेनूतील 'सेव्ह ॲज'मध्ये जावे आणि 'ॲक्सेस २००२-२००३' किंवा 'ॲक्सेस २०००' हा प्रकार निवडावा. मूळ फाईल शाबूत राहून नवी प्रत तयार होते.

नकार का मिळतो?

अनेकदा ॲक्सेस हे रूपांतर नाकारते. टेबलमध्ये जुन्या रचनेत नसलेल्या सोयी वापरलेल्या असतात, हे त्यामागचे कारण. त्या काढून त्यांची पर्यायी व्यवस्था करावी लागते. नोंदीला जोडलेली छायाचित्रे वा कागदपत्रे स्वतंत्र फोल्डरमध्ये उतरवून टेबलमध्ये केवळ त्यांचा पत्ता लिहावा. एकाच रकान्यात अनेक मूल्ये असतील तर ती वेगळ्या टेबलमध्ये न्यावीत. २०१० च्या आवृत्तीपासून मिळालेला, आपोआप हिशेब करणारा रकाना काढून तोच हिशेब क्वेरीत मांडावा. हा नकार त्रासदायक वाटला तरी उपकारकच असतो. कारण काय गमावले जाणार आहे हे आधीच कळते.

मराठी मजकुराला धोका

खरा धोका आहे तो ॲक्सेस ९७ पर्यंत मागे जाण्यात. ॲक्सेस २००० पासून मजकूर युनिकोडमध्ये साठवला जातो. ९७ मध्ये ती सोय नव्हती. ॲक्सेस २००३ मधून ९७ च्या प्रकारात रूपांतर करता येत असे; पण युनिकोडमधील देवनागरी नावे तेथे प्रश्नचिन्हे होऊन बसतात आणि त्या प्रतीतून ती पुन्हा मिळवता येत नाहीत. मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी म्हणूनच २००० च्या मागे जाऊ नये.

फाईल तयार झाली म्हणजे काम संपले असे नाही. प्रत्येक टेबलमधील नोंदींची संख्या दोन्ही फाईलींत पडताळावी, रकमांच्या बेरजा जुळवाव्यात, काही मराठी नावे डोळ्यांनी वाचून पाहावीत. फॉर्ममागे प्रोग्राम लिहिलेला असल्यास तो जुन्या संगणकावर प्रत्यक्ष चालवून बघावा. त्याला लागणाऱ्या लायब्ररी तेथे नसण्याची शक्यता असते.

शक्य असेल तेथे माहितीची टेबल्स एका सामाईक 'एमडीबी' फाईलमध्ये आणि फॉर्म्स दुसऱ्या फाईलमध्ये ठेवणे सोयीचे ठरते. दोन्ही आवृत्त्यांना मग एकाच माहितीवर काम करता येते. मात्र ही व्यवस्था तात्पुरतीच समजावी. ॲक्सेस २००३ साठी सुरक्षेच्या सुधारणा देणे कंपनीने एप्रिल २०१४ मध्येच थांबवले आहे. संगणक बदलण्यासाठी सवड हवी असेल तर हा मार्ग उपयोगी आहे. वर्षानुवर्षांच्या नोंदी त्याच्याच भरवशावर सोडणे मात्र शहाणपणाचे नाही.