कॅसिओ घेण्यापूर्वी वाजवून पाहा

सोयाबीनचे पैसे हाती आले, की मुलगा मागे लागतो, “बाबा, कॅसिओ घ्या.” भजनी मंडळातही तीच चर्चा. पेटीचा भाता फाटलाय, दुरुस्तीला कशाला पैसे घालायचे, कॅसिओच घेऊ. मंडळी, जरूर घ्या. पण बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो; मग हे वाद्य नुसते खोक्यावरचे आकडे वाचून का घ्यायचे?

‘कॅसिओ’ हे एका जपानी कंपनीचे नाव. कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या या कंपनीने १९८० साली ‘कॅसिओटोन २०१’ हा आपला पहिला की-बोर्ड बाजारात आणला. त्यात २९ आवाज तयार भरलेले होते. बटण दाबले, की वाद्य बदलले. आपल्याकडे ते नाव इतके रुजले, की दुसऱ्या कंपनीचा की-बोर्डही गावात ‘यामाहाचा कॅसिओ’च असतो!

आता खोक्यावर चारशे, सहाशे आवाज लिहिलेले असतात. त्याला भुलू नका. तुमच्या उपयोगाचे आठ-दहाच. दुकानात गेलात, की पेटीचा आवाज लावा आणि एक पट्टी दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरा. या यंत्रात बहुधा खऱ्या वाद्याच्या आवाजाचा लहानसा तुकडा साठवलेला असतो आणि तोच पुन्हा पुन्हा फिरवला जातो. सांधा कच्चा असेल, तर सूर हिंदकळतो. मग तोच आवाज खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत नेऊन पाहा. थोडेच सूर साठवून बाकीचे त्यांतून ताणलेले असले, तर बासरी खाली गिरणीच्या भोंग्यासारखी वाजते आणि सतार वर डासासारखी गुणगुणते. मधल्या दोन सप्तकांत, म्हणजे तुम्ही गाता तिथे, आवाज गोड असला तर पुरे.

माझे मत विचाराल, तर ऑर्गन आणि पियानो या यंत्रांत बरे निघतात; बासरी, सनई, सतार मात्र संशयानेच ऐकावी. त्यांचा जीव मींडेत असतो आणि पट्टी एकच ठरलेला सूर देते. डाव्या हाताला सूर वाकवायचे चाक आहे का, ते बघा. ते नसेल, तर मींड विसरा.

आता हाताचे. बारीक पट्ट्यांचे यंत्र लहान पोरांसाठी ठीक. मोठ्या माणसाची बोटे काळ्या पट्ट्यांत अडकतात. एकच पट्टी एकदा हळू, एकदा जोरात दाबा. आवाजात फरक पडला नाही, तर पियानो शिकणाऱ्याने ते घेऊ नये. भजनाला त्याचे काही अडत नाही, कारण पेटीतही जोर बोटात नसतो, भात्यात असतो. पण धरलेला सूर भात्याने फुलवता येतो, तसा इथे नुसत्या बोटाने फुलत नाही. पेटीवाल्याची कुरकुर असते ती हीच, आणि ती रास्त आहे.

सूर बदलण्याचे बटण मात्र मोठी सोय. बुवा काळी दोनमध्ये गाणारे आणि मुलगा पांढरी एकमध्ये शिकलेला असला, तरी बोटे तीच ठेवून निभावते. जुने लोक याला लबाडी म्हणतात. म्हणोत!

आमच्या मंडळाची फजिती सांगतो. बंद दुकानात यंत्र कसे घुमत होते! देवळाच्या पटांगणात पखवाज आणि वीस जोड टाळ सुरू झाले, आणि त्याचा आवाज पहिल्या रांगेलाही पोचेना. लाउडस्पीकरला जोडायची वायर आणायला भर सप्ताहात तालुक्याला माणूस पाठवावा लागला. तेव्हा मागे आवाज बाहेर काढायचे भोक आहे का, हे पाहा आणि वायर त्याच दिवशी घ्या.

वीज गेली तर सेलवर चालते का, हेही विचारा. अ‍ॅडॉप्टर यंत्राबरोबरचाच वापरा. काही ९ व्होल्टचे असतात, काही १२ चे, आणि पिनेतले धन-ऋणही उलटसुलट असते. शेजाऱ्याचा लावून पाहण्याच्या नादात यंत्र जळते.