मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी?

गाडी जितकी मोठी तितकी सुरक्षित, असा समज आपल्या पालकवर्गात रूढ आहे. जाहिरातींतली उंच गाडी डोंगर चढते, नदी ओलांडते. ब्रेक दाबल्यावर ती किती अंतरावर थांबते, हे मात्र कोणी दाखवत नाही.

या समजात थोडे तथ्य आहे. दोन गाड्यांची टक्कर झाली की जड गाडीचा वेग कमी बदलतो, म्हणून तिच्यातील माणसांना धक्का कमी बसतो. पण समोरच्या हलक्या गाडीला तो जास्त बसतो. भिंतीवर आदळताना तर हा फायदाही उरत नाही. शिवाय उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असल्याने एकदम वळताना ती उलटण्याचा धोका अधिक.

खरे महत्त्व बांधणीला. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१६ साली एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. २०२२ साली स्कॉर्पिओ-एनला पाच. लहानशा अल्ट्रोझनेही २०२० साली पाच तारे मिळवले. मात्र तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडून पाहावेत.

उंच बॉनेटच्या अगदी पुढे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. म्हणून पालकांना आमची विनंती, की शाळेच्या फाटकाशी गाडी हलवण्यापूर्वी एकदा उतरून पाहावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, मागच्या सीटवरही पट्टा लावायची आठवण घरच्यांना तुम्हीच करून द्या.