वजन काटा ठीक सांगतोय, पण पोटाचं काय? साठीनंतर कमरेचं माप का महत्त्वाचं, जाणून घ्या

गावाकडं पोट सुटलेला माणूस दिसला की आजही म्हणतात, "खात्यापित्या घरचा दिसतोय." घरातली आजी जाड झाली तर "आता वय झालं, चालायचंच" म्हणून सोडून देतात. पण बीपी, शुगर, गुडघेदुखी आणि हृदयविकार या चारही दुखण्यांचं एक मूळ या सुटलेल्या पोटात असतं. लठ्ठपणा हा शहरातल्या लोकांचा आजार, हा समजही आता खरा राहिलेला नाही.

गावात हे आलं कुठून?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शेतावर चालत जावं लागायचं. नांगरट बैलांवर, पाणी विहिरीवरून, दळण डोक्यावर. आता बांधापर्यंत मोटारसायकल जाते, नांगरट ट्रॅक्टर करतो, मोटार घरबसल्या मोबाईलवरून सुरू होते. कष्ट कमी झाले ही चांगलीच गोष्ट आहे. पण ताटातलं खाणं तेवढंच राहिलं, उलट वाढलं. ज्वारी-बाजरीच्या भाकरीची जागा चपाती आणि भाताने घेतली. चहासोबत खारी, टोस्ट, बिस्कीट आलं.

चहाचा हिशोब करून बघा. एका कपात दोन चमचे साखर, दिवसाला पाच कप. म्हणजे दहा चमचे, साधारण ५० ग्रॅम. महिन्याला एका माणसाच्या पोटात दीड किलो साखर फक्त चहातून जाते!

बारीक दिसणाऱ्यांनीही वाचा

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचं एक उदाहरण २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता. दिसायला दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. आकडा एकच, चरबी दुपटीहून जास्त!

याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी टिकून होती. थोडक्यात, हातपाय बारीक आणि पोटावर चरबी ही आपल्याकडची ठेवणच आहे. म्हणून आपल्यासाठी मर्यादाही कडक आहेत. जगात ३० च्या पुढे बीएमआय गेला की लठ्ठपणा म्हणतात, भारतीयांसाठी २५ पासूनच.

सोप्या भाषेत सांगायचं तर पाच फूट उंचीच्या माणसाचं वजन ५८ किलोच्या वर आणि पाच फूट पाच इंचाच्या माणसाचं ६८ किलोच्या वर गेलं, तर ते जास्त समजावं.

घरीच मोजा

म्हातारपणी मांस झडतं, उंचीही थोडी कमी होते. त्यामुळे वजन तेवढंच राहतं, पण मांसाची जागा चरबी घेते. काट्यावर हे कळत नाही, कमरेच्या मापावर कळतं.

- शिंप्याचा टेप घ्या. नसेल तर साधी सुतळी चालेल.
- शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध गुंडाळा. पोट आत ओढू नका, श्वास सोडून मोजा.
- बायकांनी निऱ्यांवरून मोजू नये, माप चुकतं.
- सुतळी मुलांच्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीवर मोजा.

पुरुषांची मर्यादा ९० सेंटिमीटर, म्हणजे बरोबर तीन पट्ट्या. बायकांची ८० सेंटिमीटर, म्हणजे दोन पट्ट्या आणि वर २० सेंटिमीटर. माप याच्यावर गेलं तर बीपी आणि शुगर तपासून घ्याच.

पोटातली चरबी काय करते?

कातडीखालच्या चरबीपेक्षा आतड्यांभोवतीची आणि यकृतातली चरबी जास्त त्रासदायक. तिच्यामुळे इन्सुलिन नीट काम करत नाही, रक्तातली साखर वाढते. बीपी चढतो, हृदयावर ताण येतो.

पुरुषांचं पोट तिशी-चाळिशीतच सुटायला लागतं. त्यात तंबाखू, दारू असेल तर धोका आणखी वाढतो. बायकांची पाळी गेल्यावर चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते आणि पन्नाशीनंतर बीपी, गुडघ्यांचा त्रास वाढतो. पण घरात तपासणी आधी पुरुषाची होते. बाई मात्र "मला काय झालंय" म्हणत अंगावर काढते. हे थांबलं पाहिजे.

गुडघ्यांचं गणित तर सोपं आहे. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

वजन कमी करायचं, पण उपाशी राहून नाही

सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के कमी झालं तरी बीपी-शुगरमध्ये फरक दिसतो. सत्तर किलोच्या माणसाला साडेतीन ते सात किलो.

- चहात साखर अर्धी करा, मग आणखी कमी.
- ताटात भात-चपाती कमी. वरण, उसळ, पालेभाजी, ताक जास्त. डाळी-कडधान्यं, अंडी किंवा दूध सोडू नका, नाहीतर चरबीऐवजी मांस झडतं.
- मीठ दिवसाला माणशी एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी. लोणचं, पापड, फरसाण यातलं मीठही यात धरा.
- आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. दम थोडा लागावा, पण बोलता यावं.
- खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. पाय मजबूत राहतात, पडण्याची भीती कमी होते. तोल जात असेल तर कुणाला तरी जवळ उभं करा.

उपवासाचंही बघा. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि तूप म्हणजे "एकादशी अन् दुप्पट खाशी". शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.

या चुका टाळा

"आता बरं वाटतंय" म्हणून बीपी-शुगरची गोळी स्वतःहून बंद करू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळेच! अचानक बंद केल्याने लकवा किंवा हृदयाचा झटका येऊ शकतो.

गुडघेदुखीसाठी बाजारातल्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. दोन दिवस बरं वाटतं, पण वजन आणि शुगर वाढते. दुखण्याच्या गोळ्याही रोज खाल्ल्या तर बीपी वाढतो आणि किडनीला इजा होते.

शुगर असलेल्यांनी शेतात अनवाणी जाऊ नये. रोज रात्री तळपाय बघावेत, जखम दिसली तर हळद लावून वाट बघत बसू नये.

आणि काही न करता वजन आपोआप घटत असेल, तर खूश होऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

तपासणी कुठे?

गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, तीस वर्षांवरील सर्वांची बीपी आणि शुगर मोफत तपासली जाते. आशाताई जो फॉर्म भरून घेतात, त्यात कमरेच्या मापालाही गुण असतात. त्या घरी आल्या तर "नंतर या" म्हणू नका. बीपी १४०/९० किंवा त्यावर, उपाशीपोटी शुगर १२६ किंवा त्यावर आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पुन्हा तपासून घ्या. आरोग्याच्या माहितीसाठी १०४ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आज संध्याकाळी घरातल्या आई-वडिलांची, आजी-आजोबांची कंबर मोजा. सुतळी आणि पट्टी, एवढंच लागतं.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषधं आणि आहारात बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.)