बीडीडी चाळींचे नवे रूप

मुंबईतील गिरणी कामगारांच्या निवाऱ्याचा प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर बिकट झाला. तो सोडविण्यासाठी गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झाले. या खात्याच्या नावावरूनच ‘बीडीडी चाळी’ हे नाव रूढ झाले. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर बसवून खर्चाचा काही भाग उभारण्यात आला. संकल्प ५० हजार गाळ्यांचा होता. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी.

एका खोलीचा संसार

तळमजला व तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि शौचालये मजल्यावर सामाईक, अशी ही रचना होती. कोकणातून व घाटावरून आलेल्या चाकरमान्यांनी येथे गावकीच्या खोल्या केल्या. एकाच खोलीत एका गावची अनेक माणसे पाळीपाळीने राहिली. गावातील शाळेसाठी वा देवळाच्या जीर्णोद्धारासाठी अशा वस्त्यांतूनच वर्गण्या गेल्या. पुढे संसार वाढले, पिढ्या वाढल्या. खोली मात्र तेवढीच राहिली.

पुनर्विकासाची योजना

वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२ आणि ना. म. जोशी मार्ग येथे ३२ अशा १९५ चाळींचा पुनर्विकास शासनाने २०१६ साली मंजूर करून ते काम ‘म्हाडा’कडे सोपविले. शिवडीच्या १२ चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने त्या या योजनेत आल्या नाहीत. योजनेप्रमाणे पात्र भाडेकरूस ५०० चौरस फूट चटईक्षेत्राची सदनिका विनामूल्य व मालकी हक्काने मिळते. जुन्या खोलीच्या तिपटीहून हे क्षेत्र अधिक आहे. पुनर्वसनाचा खर्च त्याच भूखंडावरील विक्रीयोग्य इमारतींच्या उत्पन्नातून भागवावयाचा आहे.

कामास विलंब का लागला?

भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले. वरळीच्या बांधकामास प्रत्यक्ष प्रारंभ मात्र ऑगस्ट २०२१ मध्ये झाला. रिकाम्या माळरानावर वसाहत उभारणे तुलनेने सोपे असते. येथे माणसे राहत असलेल्या जागेवरच बांधावयाचे होते. त्यामुळे आधी पात्रता ठरविणे, मग काही चाळी रिकाम्या करणे, भाडेकरूंना संक्रमण सदनिका किंवा घरभाडे देणे आणि त्यानंतर पाया खोदणे, असा क्रम अपरिहार्य होता. यातील एक पायरी अडली की पुढील सर्व कामे थांबतात. शिवाय, हातची खोली सोडली आणि नवी मिळाली नाही तर काय, ही रहिवाशांची धास्ती निराधार म्हणता येत नव्हती. घर सोडण्यापूर्वी करारनामा हवा, हा त्यांचा आग्रह त्यातूनच आला होता.

पहिल्या किल्ल्या

दिनांक १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या पुनर्वसन इमारतीच्या दोन विंगमधील ५५६ सदनिकांच्या किल्ल्या रहिवाशांना देण्यात आल्या. चाळीस मजली इमारतीत, स्वतंत्र शौचालय असलेल्या घरात ही कुटुंबे गेली. तथापि एकट्या वरळीत पुनर्वसन करावयाच्या भाडेकरूंची संख्या ९,६८९ आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या टप्प्याचे महत्त्व आणि उरलेल्या कामाचा पल्ला, दोन्ही स्पष्ट होतात.

पुढील जबाबदारी

उंच इमारतीबरोबर उद्वाहन, पाण्याचे पंप व अग्निशमन यंत्रणा यांचा कायमचा खर्च येतो. चाळीत तो नव्हता. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबास हा भार झेपला नाही, तर मिळालेले घर विकण्याची पाळी येऊ शकते. म्हणून सहकारी गृहनिर्माण संस्था सक्षम होणे, हिशेब चोख राहणे आणि देखभाल निधीचा विनियोग काटकसरीने होणे अगत्याचे आहे.

गाव असो वा महानगर, घरकुलाच्या योजनेचे यश केवळ उभ्या राहिलेल्या भिंतींवरून मोजता येत नाही. ज्याच्यासाठी घर बांधले, तो त्या घरात टिकून राहिला, तरच ती योजना सफल झाली असे म्हणता येईल.