पावणेसातशे वर्षांपासून दोनशे कोटींपर्यंत

1771 साली लुई-सेबास्तियां मर्सिये या फ्रेंच लेखकाचा नायक झोपतो आणि 2440 सालच्या पॅरिसमध्ये जागा होतो. उडी पावणेसातशे वर्षांची. 1895 मध्ये एच. जी. वेल्स ‘द टाइम मशीन’मधल्या प्रवाशाला 8,02,701 सालात उतरवतो. म्हणजे मर्सियेच्या जवळजवळ बाराशे उड्या! तेवढ्यानं त्याचं समाधान होत नाही. तो आणखी पुढे जातो, 3 कोटी वर्षांपलीकडे. तिथला सूर्य लाल, अवाढव्य आणि विझत आलेला आहे.

3 कोटीच का? बायबलवरून हिशेब मांडून पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची ठरवत आलेल्या युरोपात हा आकडा प्रचंड होता. पण त्या काळचे मोठे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन पृथ्वीचं वयच 2 ते 4 कोटी वर्षं सांगत होते. सूर्य आकसत जातो, त्यातूनच उष्णता मिळते, तेव्हा तो लवकरच थंड होणार, असं त्यांचं गणित. माझ्या मते वेल्सचा विझता सूर्य याच गणितातून उगवलाय. विज्ञानकथेला भविष्यकाळ नेहमी तेवढाच मिळाला, जेवढा त्या त्या वेळच्या विज्ञानानं मोजून दिला.

मग किरणोत्सर्ग सापडला. खडकांतल्या युरेनियमवरून भूशास्त्रज्ञ आर्थर होम्स यांनी पृथ्वीचं वय शेकडो कोटींत नेलं. आणि 1930 मध्ये ओलाफ स्टेपलडन यांची ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’ ही कादंबरी आली. तिच्यात मानवाचा पुढचा 200 कोटी वर्षांचा इतिहास आहे, एकामागून एक 18 मानवजाती आहेत. आपण त्यातले पहिले. अठरावे राहतात नेपच्यूनवर.

हा काळ पुस्तकाच्या साडेतीनशे पानांत सारखा विभागला, तर एका पानाला 57 लाख वर्षं येतात. लेखनकलेच्या शोधापासून आजवरचा आपला पाच हजार वर्षांचा लिखित इतिहास? पानावरची फार तर दोन अक्षरं! स्टेपलडन अर्थात तो असा सारखा विभागत नाहीत. सुरुवातीची बरीच पानं ते जवळच्या काही शतकांना देतात, मग कथा वेग घेते आणि लाखो वर्षं एकेका वाक्यात सरतात. हा वेग अंगावर येतो, आणि पुस्तकाची खरी ताकद मला तिथेच दिसते.

सात वर्षांनी त्यांनीच ‘स्टार मेकर’ लिहिली. तिचा विषय आहे सगळ्या विश्वाचं आयुष्य. त्या पटावर मानवाची ही 200 कोटी वर्षं केवळ ओझरत्या उल्लेखापुरती उरतात.