दोन आणि तीनच्या मध्ये

पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयाची हृदयरोग ओपीडी. साडेनऊलाच बाकं भरली आहेत. जागा न मिळालेले लोक केसपेपर हातात धरून भिंतीला टेकून उभे आहेत. आज रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा दिवस आहे. कुणाच्या ठोक्यांची लय बिघडलेली आहे, त्याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. कुणाला कृत्रिम झडप बसवलेली आहे. बहुतेकांच्या हातात एकच रिपोर्ट आहे, आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा. शेजारच्या काकांसोबत मी आलो आहे, आणि टेबलाला लागूनच बाक मिळाल्यामुळे पलीकडचं सगळं बोलणं ऐकू येतं आहे.

अकलूजकडची एक तिशीतली बाई सासूबाईंबरोबर पुढे येते. सिस्टर रिपोर्ट बघतात आणि काही न बोलता तो डॉक्टरांपुढे सरकवतात. आयएनआर 5.8.

‘‘ताई, नवीन काही औषध घेतलंत?’’

बाई गप्प. सासूबाईच पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढतात. ‘‘पोट बिघाडलं हुतं, त्याच्या ह्या. अन् कंबर धरली म्हणून गावात एक सुई टोचली.’’

सुई टोचली तिथे तळहाताएवढा काळानिळा डाग पडला आहे. पाकिटात मेट्रोनिडाझोल आहे. या गोळीने आयएनआर उसळतो आणि दुखण्याच्या इंजेक्शनाने रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. निरोगी माणसाचा आयएनआर साधारण 1 असतो. हिचा 2 ते 3 च्या मध्ये राहायला हवा. दोनच्या खाली गेला तर गुठळी होण्याची भीती, तीनच्या फार वर गेला तर रक्त थांबत नाही. ‘‘हिरड्यांतून रक्त येतं? शौचाला काळं होतं?’’ दोन्हींना नकार मिळतो. दोन दिवस रक्त पातळ करणारी गोळी बंद, मग पुन्हा तपासणी, असं केसपेपरवर लिहून डॉक्टर आवाज खाली आणतात. ‘‘पाळी कधी आली होती?’’

प्रश्न वरवरचा नाही. ही गोळी आईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोहोचते आणि पहिल्या तीन महिन्यांत बाळाला अपाय करू शकते. ‘‘दिवस गेल्याची नुसती शंका आली तरी त्याच दिवशी इथे यायचं. मनाने गोळी सोडायची नाही.’’ बाई मान हलवते. सासूबाईही हलवतात.

तिचा आजार शाळेत असतानाचा आहे. घसा दुखला, मग सांधे सुजले, काही दिवसांत बरं वाटलं, आणि घरचे विसरून गेले. तो संधिवाताचा ताप होता. त्याने डाव्या बाजूची मायट्रल झडप आकसत गेली. ही झडप एरवी 4 ते 6 चौरस सेंटिमीटर उघडते; हिची जेमतेम एक उरली होती. फुगा घालून ती रुंद केली, पण तोवर वरचा कप्पा ताणून मोठा झाला होता आणि लय कायमची गेली होती.

‘‘सर, तपासणी करावी लागत नाही अशी गोळी आलीये ना? मला ती द्या की,’’ ती विचारते. भाड्याचे पैसे आणि बुडणारी मजुरी या प्रश्नामागे आहे. डॉक्टर टाळत नाहीत. संधिवाताने झडप खराब झालेल्या रुग्णांमध्ये जुनी आणि नवी गोळी समोरासमोर तपासली गेली. भारतासह अनेक देशांतल्या साडेचार हजार रुग्णांच्या त्या अभ्यासाचा निकाल 2022 मध्ये आला. जुन्या गोळीवरचे रुग्ण जास्त जगले. ‘‘म्हणून तुम्हाला हीच.’’

पुढचे एक्काहत्तर वर्षांचे निवृत्त गुरुजी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी ईसीजी काढला, त्यात एट्रियल फिब्रिलेशन निघालं. त्यांना ते मुळीच मान्य नाही. ‘‘मला धडधड नाही, धाप नाही. दोन जिने चढतो.’’

डॉक्टर दोन इंटर्नना बोलावतात. एक जण छातीवर स्टेथोस्कोप ठेवतो, दुसरी मनगट धरते. घड्याळ एकच, मिनिट एकच. छातीवर 124, मनगटावर 98. काही ठोके इतक्या घाईने पडतात की हृदय भरायच्या आतच आकुंचन पावतं, आणि तो ठोका मनगटापर्यंत येतच नाही. मग ईसीजीची पट्टी टेबलावर पसरली जाते. उंच रेघांमधली अंतरं कुठेच सारखी नाहीत. प्रत्येक रेघेआधी दिसायला हवा तो छोटा उंचवटा नाहीसा झाला आहे, त्याच्या जागी बारीक थरथर. वरच्या कप्प्यांत मिनिटाला 350 ते 600 विद्युत लहरी उठत असतात, त्यामुळे कप्पे नीट आकसत नाहीत आणि डाव्या कप्प्याच्या एका लहानशा खिशात रक्त साचून राहतं.

‘‘गुरुजी, तिथे गुठळी होते. सुटली की बऱ्याचदा मेंदूत जाते.’’

‘‘पण अ‍ॅस्पिरिन चालू आहे माझी.’’

‘‘या गुठळीला ती पुरी पडत नाही.’’

वय, रक्तदाब, मधुमेह असे एकेक गुण धरून डॉक्टर बेरीज करतात. गुण तीन होतात. गुरुजींच्या झडपा चांगल्या असल्यामुळे त्यांना नवी गोळी चालते, अ‍ॅपिक्साबॅन, सकाळ-संध्याकाळ. आयएनआरची गरज नाही, पण वेळ चुकवायची नाही, कारण तिचा असर दिवसभरात उतरतो. ठोके आवरायला मेटोप्रोलॉल. गुरुजी पट्टी उलटसुलट करून बघत राहतात.

इतक्यात वॉर्डातले मामा व्हीलचेअर ढकलत येतात. पन्नाशीचा माणूस, उजवा हात मांडीवर ठेवलेला, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. बोलते ती बायको. ‘‘बरं वाटत हुतं त्येंला. यात्रंच्या गडबडीत गोळी ऱ्हायली, मग सोडलीच. पहाटं तोंड वाकडं झालं. अंगावरनं वारं गेलं म्हनले सगळे. तेल चोळत बसलो, दवाखान्यात दुसऱ्या दिशी.’’

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. डॉक्टर हे तिला आता सांगत नाहीत. ते सीटी स्कॅन उजेडात धरतात, गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची ते ठरवतात आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी देतात. बाईला फक्त एवढंच विचारतात, ‘‘आता गोळी कोण देणार?’’ ‘‘म्याच.’’

प्रत्येक जण शेवटी सिस्टरांच्या टेबलाशी येतो. त्या कार्डावर मात्रा आणि पुढची तारीख लिहितात, आणि गोळीची वेळ त्याच्याच तोंडून वदवून घेतात. काकांना विचारतात, ‘‘भाज्या?’’ काका अभिमानाने सांगतात, ‘‘मेथी, पालक सगळं बंद केलं.’’ सिस्टर हात जोडतात. ‘‘बंद नका करू हो काका. दर आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खा. आणि उपास धरणार असाल तर आधी सांगा.’’ हिरव्या भाजीतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं. खाण्यात अचानक फरक पडला की आकडा हलतो.

दुपारी दीडपर्यंत बाकं रिकामी होत नाहीत. या खोलीत शस्त्रक्रिया होत नाही, मोठं यंत्र नाही. रिपोर्ट वाचला जातो, प्रश्न विचारले जातात, आणि त्यावरच कितीतरी झटके टळतात. तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल तर आज तीन गोष्टी बघा: गोळी रोज ठरल्या वेळी पोटात जाते का, आयएनआर लागत असेल तर शेवटचा कधी केला, आणि दुसऱ्या दवाखान्यात गेल्यावर या गोळीचं नाव आधी सांगितलं जातं का. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर तेल चोळत बसू नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जा.